सतरा जणांचं आमेन

प्रिय सखे, दुरून प्रेमाचा सलाम.

इथे सगळे मजेत. ईस्टर झाला, धाकट्या पणतूचा बाप्तिस्मा झाला, आता नातीचं लग्न. शिंपी घरातच बसवलाय. खिडकीत फुलं डवरलीत, पण माझ्या कविता ऐकायला कुणाला सवड नाही.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन पंधरालाच ना? यायचं म्हटलं तर सूनबाई म्हणते, "बाबा, लग्नाआधी कसले जाता?"

काल जेवणाआधीची प्रार्थना मला म्हणायला सांगितली. अन्नाचे आभार राहिलेच, तोंडून निघालं, "प्रभू, ऑपरेशनआधी मला तिच्यापाशी ने." सवयीने सतरा जण "आमेन" म्हणाले आणि एकमेकांकडे बघत राहिले.

आज थोरल्याने तिकीट आणलं. म्हणाला, "आमेन म्हणून बसलोय, आता काय करणार!"

चौदाला पोचतो. पत्र तुला शेजारीण वाचून दाखवणार, म्हणून कविता घातली नाही.

तुझाच,
म्हातारा