बेटावरची बढती

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ढब्बू मेजर होणार! आणि समारंभ कुठे, तर बेटावर!

फोन आला तेव्हा मी गाडी शिकवत होते. शिकाऊ बाईंनी भर चौकात गाडी बंद पाडलेली, मागून हॉर्नचा नुसता कल्ला, बाई रडकुंडीला. आणि चिरंजीव थाटात सांगतायत — "आई, समारंभ बेटावर व्हावा म्हणून मीच अर्ज केला होता. मंजूर झाला. घरची दोन माणसं नेता येतात. तू आणि आजी." म्हटलं, थांब बाबा, आधी ह्यांना क्लच दाबू दे.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. वाटलं रडतील, हसतील, काहीतरी करतील. "माझे गुडघे कुठे चालतायत आता," एवढंच बोलल्या. आणि आत जाऊन कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढून बसल्या. जेवायला हाक मारली तर ओ नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

घरात दुसरा विषय नाही. खरं तर लग्न होऊन आले तेव्हापासूनच नाही.

सासूबाई त्या बेटावरच्या. अकरा वर्षांच्या होत्या तेव्हा लष्करानं सगळ्या वस्तीला बोटीत घातलं — लढाई होणार आहे, दोन महिन्यांत परत आणून सोडतो! लढाई झाली. हजारो पोरं मेली, आपण जिंकलो, शाळेच्या पुस्तकात धडा आला. परत मात्र कुणालाच आणलं नाही. बेट तेव्हापासून लष्कराकडे. एक धावपट्टी, एक स्मारक, बाकी सगळी बंदी.

बोटी आल्या त्याच पहाटे त्यांचा धाकटा भाऊ तापानं गेला. सहा महिन्यांचा. वडिलांनी त्याला पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर पुरलं आणि सगळे बोटीत चढले. "एकदा जाऊन त्याच्याजवळ बसायचंय, बस्स." हे वाक्य मला पाठ झालंय. अर्ज तरी किती केले त्यांनी! उत्तर ठरलेलं — सुरक्षेच्या कारणास्तव परवानगी देता येत नाही.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला. सासूबाई माझ्याकडे राहिल्या. लोकांना नवल वाटतं. वाटू दे. नवऱ्यापेक्षा सासू बरी निघाली, त्याला मी काय करू?

गुरुवार, २० फेब्रुवारी

लष्कराच्या डॉक्टरकडे तपासणी. डॉक्टर कसला, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा! म्हणाला, "आजी, विमान सामान वाहायचं आहे. बाथरूम म्हणजे पडद्यामागे बादली. चालेल का?" ह्या म्हणतात, "बेटावर आमच्याकडे पडदासुद्धा नव्हता." तो हसला आणि सही करून टाकली. रक्तदाब वाढलेला होता, मी आकडा पाहिला. त्यानंही पाहिला असणार.

येताना बसमध्ये सासूबाईंनी माझा हात धरला. कधी धरत नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ह्या बाईला आजवर जे जे देऊ म्हणाले ते कुणी दिलेलं नाही. आता एकदम कसं देतील?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काही व्हायचं नाही ह्यातून. लिहून ठेवते.

मंगळवार, ४ मार्च

तळावर पोचलो. वाऱ्यामुळे विमान उडालं नाही. उद्या बघू म्हणतात. पाहुण्यांच्या खोलीत लोखंडी खाटा आणि एकच खिडकी, तीही घट्ट बसलेली. चहा मात्र बरा देतात.

ढब्बू भेटायला आला. वाळलाय. म्हटलं, मेजर झाल्यावर जेवण बंद करतात का रे? हसला, पण माझ्याकडे बघेना. आजीच्या पायाशी बसून तिचे बूट दाबून बघत होता — वाळूत रुततील का, सैल होतायत का. मी बाहेर गाठून विचारलं, काय झालंय? "काही नाही गं, दगदग." लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आला की हेच तोंड असायचं. मला शिकवतोय!

बुधवार, ५ मार्च

झालं एकदाचं सगळं. आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

विमान उतरलं. सासूबाईंना दोघांनी धरून खाली उतरवलं. पट्टीच्या कडेची वाळू काळी, बारीक, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत. वारा तर असा की तोंड उघडलं की तोंडात वाळू. खुर्च्या एकमेकींना दोरीनं बांधलेल्या. सासूबाई चहूकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कुठलं? हे नाही आमचं." ढब्बूनं हळूच सांगितलं, "आजी, तुमची वस्ती होती तिथे धावपट्टी आहे. आत्ता तू वस्तीवरच उभी आहेस." त्यांनी खाली बघितलं. डांबर! बाकी काही नाही.

मग टाकीकडे निघालो. थोडं चाललो नाही तोच लाल दोरी. पलीकडे पत्र्याच्या पाट्या, कवटीचं चित्र. लढाईतले न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत म्हणे. पहारेकऱ्याला सासूबाईंनी विचारलं, "बाळा, पलीकडे टाकी आहे का रे अजून?"

"आजी, पलीकडे जाता येणार नाही."

"जायचं कुठे म्हणतेय मी? आहे का, एवढं सांग."

त्यानं वळून पाहिलं. बिचारा. म्हणाला, "एक भिंत दिसते." त्यांना तेवढं लांबचं दिसत नाही. माझा हात घट्ट धरून मला विचारत राहिल्या — भिंत केवढी आहे? तिच्यामागे उतार आहे ना? गवत आहे का? मी दिसलं ते सांगत गेले. करड्या भिंतीचा तुकडा, उतार, वाळकं गवत. आयुष्यभर वाट पाहिली आणि मिळालं काय, तर माझ्या तोंडून वर्णन! ढब्बू आमच्या मागे उभा होता. तेवढ्यात शिट्टी झाली. समारंभानंतर परत येऊ म्हणून आम्ही वळलो.

जनरल साहेबांचं भाषण. भोंगा आमच्या समोरच, पण वाऱ्यानं अर्धे शब्द उडून जात होते. वीर, रक्त, माती, इतिहास, ठरलेलं सगळं. म्हणाले, "ह्या निर्मनुष्य बेटावर आपल्या जवानांनी..." निर्मनुष्य! मग पहिल्या रांगेत बसलेली ही बाई काय आभाळातून पडली? उठून विचारावं असं वाटलं. विचारलं नाही. कोण विचारतं?

आणि मग पुढचं. ही धावपट्टी अपुरी पडते. तिकडचा उतार कापून ती लांबवायची आहे. एप्रिलमध्ये काम सुरू. "आणि हे काम कोण करणार? आजचे आपले नवे मेजर!" टाळ्या. जनरलनी हात केला तो सरळ त्या भिंतीकडे.

मी ढब्बूकडे बघितलं. तो समोर बघत होता, ताठ. त्याला माहीत होतं! चेहऱ्यावरून कळलं मला, पोटचा पोर आहे. मग घाबरून सासूबाईंकडे बघितलं. त्या उताराच्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. काही ऐकलेलं दिसलं नाही. म्हटलं, सुटले.

घरच्या दोघांनी एकेका खांद्यावर नवा बिल्ला लावायचा असतो. डावा खांदा माझा. मी पिन खुपसली आणि मोकळी झाले, त्याच्या डोळ्यांत बघितलंसुद्धा नाही. उजवा सासूबाईंचा. त्यांना खूप वेळ लागला. सगळी पलटण ताठ उभी, जनरल घड्याळ बघतायत, आणि ह्या दोन्ही हात त्याच्या खांद्यावर ठेवून उभ्या. पिन लागत नसेल म्हणून मी मदतीला पुढे झाले, तर मला कोपरानं मागे सारलं.

त्यानंतर वारा वाढला. वैमानिक ओरडायला लागला, आत्ता नाही निघालो तर अडकू. परत दोरीपाशी जाणं राहूनच गेलं.

गुरुवार, ६ मार्च

आज तळावर ढब्बूला गाठला. सासूबाई झोपल्या होत्या.

"आई, मला ही बढतीच त्या कामासाठी मिळाली. नकाशे माझेच आहेत. पुढच्या वर्षी तिथे काही उरणार नाही, म्हणून म्हटलं तिनं एकदा तरी बघावं. दोरीपलीकडे न्यायची परवानगी मागितली होती गं. तीनदा मागितली. नाही दिली."

मी म्हटलं, "आणि बिल्ला तिच्याच हातून लावून घेतलास! लाज नाही वाटली?"

"वाटली."

"सोड ही नोकरी. आजच सोड."

"मी सोडली तर काम थांबेल का?"

"नाही थांबणार. पण त्यात तू नसशील."

माझा मुलगा! ज्याला त्या बाईनं मांडीवर घेऊन हीच गोष्ट सांगत भरवलं, तोच तो उतार कापणार. निघताना पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. आता लिहिताना रडू येतंय. तेव्हा नाही आलं.

शुक्रवार, १४ मार्च

सासूबाई बेटाबद्दल बोलतच नाहीत. एक शब्द नाही. इतकी वर्षं ऐकून कान किटले होते, आता घर खायला उठतं. खुर्चीत बसून असतात. अर्धा टोस्ट खातात, अर्धा ठेवतात.

त्यांना काही सांगायचं नाही असं मी ठरवलंय. कशाला सांगायचं? होत्या त्या आशेवर जगल्या, आता तीही संपली. राहिलेले दिवस तरी शांत जाऊ देत. पण समोर बसून चहा प्यायचा आणि हे पोटात ठेवायचं म्हणजे... आज एका शिकाऊ मुलीवर विनाकारण ओरडले. रिव्हर्स नीट घेत होती बिचारी.

गुरुवार, २० मार्च

ढब्बूचे फोन येतात. मी घेत नाही. आज मेसेज — एक तारखेला तो बेटावर जातोय. आधी बॉम्ब काढणार, मग मशीन लावणार. वाचला आणि पुसून टाकला.

मंगळवार, १ एप्रिल

गेला असेल.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "ढब्बूला फोन लाव."

मी म्हटलं, मी त्याच्याशी बोलत नाही.

"तू नको बोलूस. मला लावून दे. काम सुरू झालं असेल त्याचं."

मी बघतच राहिले. म्हणाल्या, "भोंगा माझ्या तोंडासमोर होता, बाई. बहिरी आहे का मी?" मला भडभडून आलं. ऐकलं होतंत तर बिल्ला लावलातच का? "मग कुणाला लावू? त्या दोरीपलीकडे आपल्यातलं दुसरं कोण जाणार आहे?"

फोन स्पीकरवर लावून दिला. त्या सरळ बोलायलाच लागल्या, कसा आहेस नाही की काही नाही. "हे बघ, टाकीचा जो कोपरा समुद्राकडे आहे ना, तिथून सरळ खाली उतर. मोठा सपाट दगड लागेल. त्याच्या वरच्या अंगाला आहे तो. मशीन लावायच्या आधी तू स्वतः जा. हातानं काढ, आणि घरी घेऊन ये. फार मोठा नाहीये."

मग ढब्बूचा आवाज आला —

"आजी, किती खोल?"

"गुडघाभरच असेल रे. बोटीवरून शिपाई हाका मारत होते, खणायला वेळ कुठे होता."