भिंत ते भिंत

अण्णा, उद्या दुपारी चार वाजता लंडनच्या कोर्टात माझी साक्ष आहे. तिथे जायचं नाही, अंधेरीतल्या एका ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसायचं.  तरी सकाळी देवापुढे दिवा लावायला तीन काड्या लागल्या.

मुलुंडच्या एका काकूंच्या मुलीचा तिच्या नवऱ्याने गळा दाबून जीव घेतला आणि तो लंडनला पळाला. त्याला परत मागायचं तर इथल्या तुरुंगात माणसासारखं ठेवू, अशी हमी सरकारला द्यावी लागते. कोठडीत प्रत्येक कैद्याला जागा किती मिळेल तेसुद्धा लिहून. सरकारी इमारती मोजणं ही माझी नोकरी. कोठडी मी मोजली, प्रतिज्ञापत्रावर सही माझी आहे. मोजली मात्र आमच्या सवयीने, भिंत ते भिंत. कोपऱ्यातला संडास त्यातच आला. फरशी बसवायची, रंग द्यायचा तर तेच माप लागतं. पंचवीस वर्षांत मला वेगळं कोणी विचारलं नव्हतं.

परवा त्या ऑफिसात तालीम झाली. आमच्या बाजूचे वकील पळून गेलेल्यांना परत आणण्याचेच खटले चालवतात. म्हणाले, "समोरची बॅरिस्टरबाई नेमकं उलटं करते, माणसं जाऊ देत नाही. गोड बोलेल हं. थँक यू म्हणत म्हणत सोलून काढेल तुम्हाला." सगळे हसले. मग कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, "संडास वगळूनच मोजलंय ना? तिथलं कोर्ट तो धरत नाही." मी हो म्हणालो. विचार करायच्या आत तोंडातून गेलं.

तेव्हापासून गावच्या शेजारच्या वहिनींचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. मी डिप्लोमा होऊन गावी आलोय. दाराचं माप तुम्ही मोठ्या कौतुकाने आपल्या शिकलेल्या मुलाला घ्यायला लावलंय, आणि मी दार जिच्यात बसतं ती चौकटीची खाच धरायला विसरलोय. फणसाची चांगली फळी वाया जाते, दार आखूड पडतं. वहिनी चुलीपुढून उठून येतात. मला वाटतं, तुम्ही सांभाळून घ्याल. तुम्ही रंधा खाली ठेवता. "माप कोणी घेतलं ते तूच सांग. मी नाही सांगणार." मी सांगतो. "इंजिनेर झालंस मा रे तू?" वहिनी पदराआड हसतात. तुम्ही पुन्हा रंधा उचलता.

काल परवानगी काढून कोठडी पुन्हा मोजली, संडास सोडून. एका माणसाची जागा ठरलेल्या मापाखाली गेली. तुरुंगाच्या फाटकाबाहेरूनच वकिलांना फोन केला. "अहो, आज सांगताय? वाट लावलीत!"  मग म्हणाले, "साक्षीत खरं तेच सांगा. लपवलंत आणि तिने शोधलं, तर आपल्या एकाही कागदावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. मी दुसरी कोठडी मागतो. पण ती वेळेत मिळेल असं नाही. सुटूही शकतो तो."

आज संध्याकाळी काकू आल्या. कागदावरचं माझं नाव वाचून, विचारत विचारत, मुलुंडहून दहिसरला. गुडघे धरत तीन मजले चढल्या होत्या. गणपतीपुढे ठेवलेला नारळ त्यांनी माझ्या हातात दिला. "घाबरू नका हो भाऊ. तुम्ही नीट मोजलंय, मग ती बाई काय करणार?" मी त्यांना चहा दिला. दोन घोट घेऊन त्या मुलीच्या लहानपणाचं काहीतरी सांगत राहिल्या. मला ऐकू येत होतं, अर्थ लागत नव्हता.

तुम्ही गेल्यावर हे पाठवायला पत्ता उरला नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कोर्टाला उद्या सगळं सांगणार आहे, अण्णा. पण काकू समोर तासभर बसल्या होत्या. त्यांना मी म्हणालो, "हो, नीट मोजलंय."