आईच्या बिडाच्या पातेल्याची पोच

सुपीरियर सरोवराकाठी, कॅम्पवरून
रविवार सकाळ

ती. हेल्मीताईस,

आर्वोचा, राखेने माखलेल्या हातांनी, साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर; खरोखरचा घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील). तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत ते कुरकुरत नाहीत असं तू म्हणतेस, म्हणून मी विश्वास ठेवतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर कोणी काही वेगळं सांगितलं तर मनावर घेऊ नकोस.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुझे आभार. आपल्या आईचं बिडाचं पातेलं तू इतक्या लांबून पोस्टाने पाठवलंस, पोचलं. पोस्टातल्या बाईने खोकं माझ्या हातात ठेवताना विचारलं, "आर्वो, नांगर मागवलास की काय?" तर त्या पातेल्याबद्दल आभार, झाकणाबद्दल वेगळे आभार, आणि सोबतच्या चिठ्ठीबद्दल आणखी आभार. हा एवढे आभार का मानतोय अशी शंका तुझ्या मनात आली असेल, कारण लहानपणापासून मी आभार मानायला लागलो की तू आधी खिडक्यांच्या काचा मोजायचीस. पण या खेपेला मी खरंच मनापासून मानतोय.

तुला ठाऊकच आहे की फेब्रुवारीत माझी लेम्पी वारल्यापासून पोरीने, सेन्याने, माझ्या मागे धोशा लावला आहे. "बाबा, कॅम्पवरचं हे घर विकू या. तू ग्रीन बेला आमच्याकडे चल. तळघरातली खोली तुझ्यासाठी रंगवलीय." मुलगी गुणाची आहे, जावई भला आहे, खोलीचा रंगही म्हणे छान आहे. पण तळघराच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीचं मागचं चाक दिसतं, ताई. मी चाळीस उन्हाळे या पाण्याकडे बघत कॉफी प्यायलो. शेवटी सेन्या म्हणाली, "तू इथे एकटा राहू शकतोस हे दाखव. जुलैच्या एका शनिवारी आम्ही सगळे येतो. कोणाची मदत न घेता अकरा माणसांना जेवू घाल. आणि शेवटी आईसारखं शेकोटीवरचं गोडधोडही पाहिजे. झालं तर कॅम्प राहील. नाही तर तू बऱ्या बोलाने गाडीत बसायचं." मी म्हटलं, कबूल. मासे मी डोळे मिटून भाजतो. गोडाचं मात्र मी चाळीस वर्षांत एकच काम केलं होतं, ते म्हणजे खाणं.

लेम्पी नेहमी म्हणायची, शेकोटीवरचं गोड म्हणजे जगातलं सगळ्यांत सोपं काम. (सोप्या कामांची गंमत अशी की ती करणारा माणूस निघून गेल्यावर अवघड होतात.) म्हणून मी काल शनिवारी सकाळीच रंगीत तालीम घेतली. केळी उभी चिरायची, पोटात चॉकलेट भरायचं, चांदीच्या कागदात गुंडाळून शेकोटीत ठेवायची. मी ती ज्वाळेत ठेवली. ती निखाऱ्यांच्या कडेला ठेवायची असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांनी कागद उघडला तर आत केळं नव्हतं, चॉकलेट नव्हतं, नुसता वास होता. रेनो तिथेच ओंडक्यावर बसला होता. लेम्पीचा हा भाऊ मदत करायची नाही या अटीवर आला होता आणि ती अट त्याने फारच मनावर घेतली होती. तो म्हणाला, "भावोजी, हे खायचं की पुरायचं?"

मासे फक्कड झाले, सगळे पोटभर जेवले; आता गोडाची सगळी भिस्त तुझ्या पातेल्यावर होती. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे खाली ब्लूबेरी घातल्या (स्वतः वेचलेल्या, डासांना रक्तदान करून), वर केकचं कोरडं पीठ पसरलं, त्यावर लोण्याचे तुकडे ठेवले. ढवळायचं नाही, असं तू खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतंस, तेव्हा हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. मग पंधरा निखारे झाकणावर आणि नऊ खाली. ताई, तू दुकानातल्या एकसारख्या कोळशाचा हिशोब लिहिलास. माझ्याकडे मेपलचं लाकूड होतं. त्याचा एक निखारा बटाट्याएवढा तर दुसरा शेंगदाण्याएवढा. मी शेंगदाणे अर्धे धरून बेरीज करत होतो, तेवढ्यात सरोवरावरून वारा आला, पाठोपाठ पाऊस, आणि माझे चोवीसच्या चोवीस निखारे चुर्र करून विझले.

सेन्या खिडकीतून बघत होती. तिने घड्याळाकडे पाहिलं. ती घड्याळ बघते तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

पण शनिवार होता, म्हणजे आपल्याकडे सौनाची लाकडी खोली तापलेली असणारच; तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घेतल्याशिवाय आपला शनिवार संपतो कुठे! दुपारपासून मीच लाकडं घातली होती, दगड रसरसलेले होते. मी विचार केला, उष्णता ती उष्णता, मग ती शेकोटीची असो की सौनाची. पातेलं उचललं, गुपचूप नेलं आणि दगडांच्या मधोमध बसवलं. वीस मिनिटांत असा घमघमाट सुटला की मला माझाच अभिमान वाटला. आणि इथे रेनोने घात केला. तो आत गेला, बाकावर बसला, आणि समोर काय आहे ते न बघता बादलीतलं गार पाणी ओगराळंभर घेऊन सवयीने दगडांवर ओतलं. धडाम! (एवढा आवाज मी बर्फ फोडणारा ट्रक चालवत होतो तेव्हाही ऐकला नव्हता.) ताई, आता मनाचा हिय्या करून लिहितो. आईचं पातेलं उभं तडकलं. फडकी घेऊन उचलायला गेलो तर अर्धं या हातात, अर्धं त्या हातात. झाकण शाबूत आहे.

सगळे धावत आले. रेनो ओगराळं घेऊन, मान खाली घालून उभा. दगडांवर निळा रस उकळत होता. मी मनातल्या मनात तळघरातल्या खोलीत खाट लावून घेतली. सेन्याने एकदा रेनोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चमचा घेतला, अर्ध्या पातेल्यातून एक घास खाल्ला आणि म्हणाली, "वरून कच्चं, खालून करपलंय." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बाबा, आईचंसुद्धा दर वर्षी खालून करपायचं. ती वरून क्रीम ओतून झाकायची." आणि पोरगी हसायला लागली. हसता हसता रडली, मग परत हसली. फेब्रुवारीपासून मी तिला असं मोकळं झालेलं पाहिलं नव्हतं.

पाऊस थांबला. पुन्हा शेकोटी पेटवली, पातेल्याची दोन्ही शकलं निखाऱ्यांच्या कडेला टेकवून ठेवली, आणि वरचं कच्चं पीठ तिथे हळूहळू शिजलं. अकरा माणसांनी अकरा चमच्यांनी शकलं खरवडून साफ केली. सेन्या म्हणाली, "कॅम्प राहू दे." एक अट घातली, पण ती किरकोळ आहे. मला त्या वेळी सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले. तुझे सर्वांत आधी, कारण पातेलं फुटलं नसतं तर ती हसली नसती आणि ती हसली नसती तर मी आज हे पत्र पाण्याकडे बघत लिहीत नसतो. तुझे उपकार मी विसरणार नाही.

गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा भाऊ,
आर्वो

ता. क. वर रेनोबद्दल लिहिलं ते खोटं आहे. तो तेव्हा बाहेर छपराखाली पावसाचा आडोसा घेऊन बसला होता. पाणी मी ओतलं. पातेलं बघायला म्हणून आत गेलो, बाकावर टेकलो, आणि लेम्पी वरच्या पायरीवरून "अजून एक टाक" म्हणायची ना, तसं वाटलं. मी टाकलं. वीस मिनिटांपूर्वी मीच ठेवलेलं पातेलं साफ विसरलो होतो. आवाज ऐकून रेनो आला, माझ्या हातातलं ओगराळं काढून घेतलं, आणि सेन्या दारात पोचायच्या आत म्हणाला, "माझ्या हातून झालं." त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही. सेन्याला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. ती किरकोळ अट. उन्हाळाभर माझ्यासोबत कोणीतरी राहिलं पाहिजे, असं सेन्या म्हणते. मी तिला सांगून टाकलं की हेल्मीआत्या दर वर्षी जून ते ऑगस्ट येणार आहे, आमचं कधीच ठरलंय. ती तुला मंगळवारी फोन करेल. त्याआधी तू कर, आणि ही कल्पना तुझीच होती असं सांग. खिडकीजवळची खाट तुझी, सकाळची कॉफी माझ्याकडे. मी गमतीत लिहितोय असं समजू नकोस, ताई. एकट्याने राहायची मला भीती वाटायला लागली आहे. हो म्हण.