अमावस्येचा मुक्काम

सेडुना, दक्षिण ऑस्ट्रेलिया
२२ मार्च २०२०

तीर्थरूप आईंस,
चित्रलेखाचा शि. सा. न. वि. वि.

साठीनंतर बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून सिडनीहून पर्थला न्यायचा तुमच्या मुलाचा हट्ट निम्म्याहून जास्त पुरा झाला आहे. माझी कंबर सोडली तर सगळं जागेवर आहे. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून डिंक आणून केलेले लाडू मागच्या पेटीत आहेत, त्यांतले चार अजितने चाखून पाहण्याच्या नावाखाली संपवले.

निघालो तेव्हा ही गंमत होती, आता मला भीती वाटते. पेट्रोलपंपावर लोक लांब उभे राहून पैसे घेतात. शेजारून तीन-तीन डबे जोडलेला ट्रक गेला की गाडी हलते आणि मी डोळे मिटते. कोरोनाच्या बातम्या बघायच्या नाहीत, असा अजितने नियम केला आहे, कारण बघितल्या की मी जेवत नाही. पर्थला आपल्या लेकीला, तेजश्रीला, डॉक्टरांनी चौदा एप्रिलची तारीख दिली आहे. जावई नील समुद्रातल्या गॅस काढण्याच्या तळावर कामाला गेला तो तिथेच अडकलाय, त्याच्या जागी येणारी बदली माणसं यायची बंद झाली आहेत. म्हणजे बाळंतपणाला तिच्याजवळ आम्हीच.

उद्या इथे विश्रांती. मंगळवारी पहाटे निघून दुपारच्या आत पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा ओलांडू.

लोभ आहेच, तो वाटभर सोबत असू द्या.
आपली,
चित्रलेखा


पुणे
२३ मार्च २०२०

चि. सौ. चित्रलेखा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

हाताने लिहून फोटो पाठवते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. इथे सगळं बंद आहे. शेजारची लीना दूध दारात ठेवून बेल वाजवून पळून जाते.

तुझं पत्र वाचून कॅलेंडर पाहिलं. मंगळवारी अमावस्या आहे. अजितचे वडील स्कूटरवरून साताऱ्याला जाताना घाटात गेले, त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून या घरातलं कुणी अवसेला लांबच्या प्रवासाला निघालेलं नाही. अजित हसेल, त्याला हसू दे. तू मात्र ऐक. एक दिवस थांबा. बुधवारी पाडवा आहे, खुशाल निघा. एका दिवसाने काय बिघडतं?

तेजश्रीला जप म्हणावं. इथे माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुमच्या लोभावरच जगणारी,
आई


पर्थ
२९ मार्च २०२०

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो, हे आधी सांगते. मंगळवारी सेडुनाला थांबलो. अजितला निघायचंच होतं, त्याने हेल्मेटसुद्धा घातलं होतं. तुमचं पत्र दाखवून मीच हट्ट धरला. पाडव्याला सीमेवर पोचलो तर पोलिसाने अडवलं. आदल्या दिवशी दुपारपासून नवा नियम लागू झाला होता, बाहेरून येणाऱ्याने मुक्कामी पोचल्यापासून चौदा दिवस कुणाला भेटायचं नाही. बाहेरचा मध राज्यात नेता येत नाही म्हणून सामान तपासणाऱ्यांनी बाळासाठी आणलेला मध काढून घेतला. लाडवांचा वास घेऊन ते मात्र परत दिले.

परवा रात्रीपासून एका कॅरव्हान पार्कमधल्या, म्हणजे प्रवाशांच्या तळावरच्या, लाकडी खोलीत आहोत. काल तेजश्री आली होती. कुंपणापलीकडून पोट दाखवत ओरडून म्हणाली, नो वरीज आई, अकरा एप्रिलला तुम्ही सुटताय, बेबी वाट बघेल. तिला हसताना पाहून मला रडू आलं.

अजित माझ्याशी दोन दिवस नीट बोलला नाही, आता बोलतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्ही सुटल्यावर तेजश्रीच्या तारखेला तीनच दिवस उरतात, तेवढीच धाकधूक आहे.

तुमचा लोभ कमी होऊ देऊ नका.
आपली,
चित्रलेखा


पुणे
४ एप्रिल २०२०

चि. सौ. चित्रलेखा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. कॅलेंडर भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं आहे.

अजितला सकाळ-संध्याकाळ वाफ घ्यायला लाव. लाडू तेजश्रीचे आहेत, ते त्याच्यापासून लपव.

लोभ मागण्याचा हक्क आज वाटत नाही.
आई


पर्थ
१२ एप्रिल २०२०

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यापासून चार दिवस लपवलं, क्षमा करा. आठ तारखेला अजितला ताप भरला. तपासणीत तोच आजार निघाला. अँब्युलन्समध्ये चढताना त्याने मला मोटरसायकलची किल्ली दिली आणि रोज इंजिन सुरू करायला सांगितलं. ऑक्सिजन लावला आहे, शुद्धीवर आहे, फोनवर दोन वाक्यं बोलतो आणि दमतो.

त्याच्या सहवासात होते म्हणून मला पुन्हा चौदा दिवस बसवलं आहे. मला ताप नाही, पण बावीस तारखेच्या दुपारपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तेजश्रीची तारीख परवा आहे. ती एकटीच बॅग भरून बसली आहे. आई, मला फार भीती वाटते. एक माणूस एका दवाखान्यात, दुसरं दुसऱ्या दवाखान्यात जाणार, आणि मी इथे चहाचा एकच कप धुते आहे.

एक मात्र खरं. मंगळवारी निघून वेळेत पोचलो असतो तर सरळ तेजश्रीच्या घरी उतरलो असतो आणि वाटेत लागलेला हा आजारही तिच्याकडे नेला असता. म्हणून म्हणते, तुम्ही थांबवलंत ते बरंच झालं.

तुमच्या लोभाचाच आधार आहे.
आपली,
चित्रलेखा


पर्थ
२१ एप्रिल २०२०

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

अजितचा ऑक्सिजन काढला. आज नर्सशी क्रिकेटवर वाद घातला म्हणे, म्हणजे माणूस ठीक आहे. तेजश्रीचं बाळ अजून आलेलं नाही. उद्या संध्याकाळी औषध देऊन कळा आणणार आहेत. तिच्याबरोबर एकाच माणसाला परवानगी आहे. माझी तपासणी चांगली आली, उद्या दुपारी बारानंतर मी मोकळी.

तुमचं कॅलेंडर कपाटात असलं तरी माझं फोनमध्ये आहे. उद्या अमावस्या आहे. टॅक्सी सांगून ठेवली आहे, खोटं कशाला बोलू. पण सेडुनाला तुमच्या शब्दाखातर थांबले, तशीच उद्या तुमचा शब्द घेऊनच निघायचं आहे. नाहीतर तिथे काही कमीजास्त झालं तर ते आपल्या दोघींच्या मनातून कधीच जाणार नाही.

उत्तराची आणि लोभाची वाट पाहणारी,
चित्रलेखा


पुणे
२२ एप्रिल २०२०, सकाळ

चि. सौ. चित्रलेखा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तू मला समजावलंस की थांबलात ते बरं झालं. असंच समजावत मी एकतीस वर्षं काढली. अजितचे वडील प्रतिपदेला गेले, हे श्राद्धाच्या तिथीमुळे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना आदल्या दिवशीच निघायचं होतं, हे कुणालाच ठाऊक नाही. बॅग भरून दारात उभे होते. अवस आहे म्हणून मी स्कूटरची किल्ली लपवली. ते चिडले, हसले आणि दुसऱ्या दिवशी निघून घाटात ट्रकखाली गेले.

अवसेची समजूत खोटी म्हटली असती तर मीच त्यांना ट्रकसमोर पाठवलं असं झालं असतं. म्हणून ती आणखी घट्ट धरली, तुमच्या सगळ्यांच्या गळ्यात बांधली. सेडुनाला तुम्हाला थांबवलं ते त्याच भीतीने. भीती आजही गेलेली नाही.

आज अमावस्या आहे. निघ.

लाडू विसरू नकोस.
तुझी,
आई


पर्थ
२३ एप्रिल २०२०

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

वेळेवर पोचले. तेजश्रीने माझा हात इतका दाबून धरला होता की अजून पेन नीट धरता येत नाही.

पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. अजितने वॉर्डातून फोनवर तिचं रडणं ऐकलं आणि स्वतःही रडला.

फोनमध्ये पाहिलं, ती जन्मली तेव्हा अमावस्या संपायला पाच तास होते. तुमची पणती थांबली नाही. कॅलेंडर कपाटातून काढा आणि तिच्या तारखेवर खूण करा.

तिच्या वाटणीचाही लोभ मागणारी,
चित्रलेखा