सात वाक्यं

३ तारीख
नवी नोकरी, नवी खोली! पुस्तकांचे खोके पाहून घरमालकीण काकूंनी विचारलं, राहायला आलीस की दुकान थाटायला? ऑफिसात मला मिळालेली खुर्ची त्यांच्या मुलीची. ती गेल्या वर्षी आजारपणात गेली. औषधाची आठवण करून देणारं आमचं अ‍ॅप तिनेच बांधलं, आवाजही तिचाच. रेकॉर्ड केलेली सातच वाक्यं. रोज आठला काकूंच्या फोनवर ती विचारते, गोळी घेतली का? काकू "घेते गं बाई" म्हणतात आणि मगच हृदयाची गोळी घेतात.

९ तारीख
आमचं कोडचं पॅकेज तिच्या आवाजाचा सुटा भाग, म्हणजे आवाजाचं मॉड्यूल, पोटात घेऊन आपल्याच नावाने पुढे देतं. त्याची नवी आवृत्ती आली: यंत्राचा आवाज, आठऐवजी नऊची वेळ, जुन्या वाक्यांना फाटा. मी ती घातली आणि आमच्या आवृत्तीच्या क्रमांकातला फक्त शेवटचा आकडा वाढवला. आमचा कोड कुठे बदलला होता? साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आपलं म्हणून पुढे देतो ते मुळापासून बदललं, तर आपलाही पहिला आकडा वाढवायचा. शेवटचा वाढला की किरकोळ दुरुस्ती समजून फोन न विचारता घेऊन टाकतात.
काकूंच्या फोननेही घेतली.

१० तारीख
काकूंनी फोन कानाला लावला, हलवला. विचारलं, माझी पोर कुठे गेली? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळी घेईनात. शेवटी मी शपथ घातली: आवाज कोणाचाही असो, फोन सांगेल तेव्हा घ्यायचीच.

१२ तारीख
काकू फोन मांडीवर घेऊन बसून असतात. जेवत नाहीत. जुनं मॉड्यूल परत घालायला गेले, तर गजराची घंटी वाजवणारं दुसरं पॅकेज अडून बसलं, त्याला नवंच हवं. म्हटलं, नांदा दोघी. फक्त काकूंच्या फोनात दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

१३ तारीख
आठला ती बोलली! काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ऑफिसला जाताना रस्ताभर रडले.

१७ तारीख
काकूंना चक्कर येते. नाडी मंद. डॉक्टरांनी विचारलं, गोळी जास्त तर होत नाही ना? मी छातीठोकपणे नाही म्हटलं.

१८ तारीख
सुट्टी. घरीच. आठला तिने विचारलं, काकूंनी गोळी घेतली. नऊला यंत्राने विचारलं — काकूंनी पुन्हा —
दोघींच्या नोंदी वेगळ्या. एकीने दिलेली दुसरीला कळतच नाही. रोज दोन. सहा दिवस.
हातातली काढून घ्यायला धावले. गिळली होती. म्हणाल्या, तूच शपथ घातलीस ना?

२० तारीख
दवाखान्यात उपाय चालला नाही. काकू गेल्या.
फोनातली दोन्ही मॉड्यूलं पुसली. फोन बंद केला.

२१ तारीख
आठ वाजता — बंद फोन — तिचा आवाज. गोळी घेतली का?
मग — आई?
सात वाक्यांत तो शब्द नाही. कोड मी पाठ केलाय. नाही —

२२ तारीख
आज ती रडतेय. आई, बोल ना. आई —
आता मला विचारतेय. आई का बोलत नाही?
बाई गं, तुझ्या आईला मी —