मिरचीचा भाव आणि माझा पगार

तीर्थस्वरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली, पण पत्र कधी लिहिलं नाही. आज मुलाखत देऊन आलो आणि घरात कुठेच बसवेना. म्हणून लिहितो.

एकोणपन्नासाव्या वर्षी मुलाखत! कापसाचं जिनिंग बंद पडलं, तीस वर्षांची माझी कारकुनी गेली. लकडगंजातल्या एका लाकूड कापायच्या आरामशीनवर कारकून हवा होता. तीन तास बाकावर बसवलं. मग मालकाच्या मुलानं बोलावलं. पंचविशीचा असेल.

"काकाजी, पगार क्या लोगे? बोला बिनधास्त."

महिन्याला पाचशेच्या खाली घर चालत नाही. सायकलवर वाटभर मी पाचशे, पाचशे घोकत गेलो होतो. पण हात आपोआप जोडले गेले आणि तोंडून निघालं, "तुमी देसान ते."

तो हसला. "मग साडेतीनशे."

उद्या सांगतो म्हणून उठलो.

बाबा, हे वाक्य तुमचं! आठवतं? मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला जिनिंगमध्ये घेऊन आलात. मालकांनी पगाराचं मला विचारलं आणि उत्तर तुम्ही दिलंत, हात जोडून. "तुमी देसान ते. पोराले कामाले लावा फक्त."

आणि भिवापूरच्या मिरचीबाजारात? व्यापारी रुमालाखाली तुमची बोटं दाबून भाव सांगायचा, तुम्ही हात ओढून घ्यायचात. एकदा भाव जुळला नाही, तर भरली पोती गाडीत घालून परत आणलीत. मिरचीचा भाव तुम्हाला ठाऊक होता. माझा काहून नव्हता?

की भीती वाटली होती? नाही म्हटलं तर पोरगा पुन्हा गावी येईल, अशी? तेव्हाच विचारायला हवं होतं मी. आज तीच भीती माझ्या पोटात आहे.

रोज पहाटे मारुतीपुढे तुम्ही म्हणायचात, "देवा, तू देशील ते." मीही म्हणतो, मन निवतं. पण गादीवर बसलेल्या माणसाला तेच कसं म्हणायचं?

तुमच्या सुनेला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "मामाजी तं भरले पोते वापस आणत. तुमाले तं फक्त सोताले आणाचं होतं जी!"

हसू आलं. मग आलं नाही.

तर बाबा, उद्या सकाळी मारुतीला जाईन आणि हात तिथे जोडीन. लकडगंजात पाचशे सांगीन, सायकलचं हँडल सोडून हात जोडले जायच्या आधीच. नाही म्हणाला, तर तुमच्या पोत्यांसारखा परत येईन. शब्द देतो.

तुमचा,
नामदेव