बोटीवरची दुसरी बॅटरी

प्रिय धाकटे,

पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला जांभई आली. रागावू नकोस. आई जेवून आडवी झालीय, तुझे भावोजी जाळ्याची भोकं शिवतायत, आणि दुपारची ही एवढी घटका माझ्या वाट्याला आलीय. फोनवर तू "कशी आहेस" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते, आणि तेवढ्यात आई फोन ओढून घेते.

भावोजींच्या जोडीला बोटीवर जाणारा तो बडबड्या, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो मोठ्या बोटीवर कामाला लागला. त्याला बोल लावत नाही, पोट प्रत्येकालाच आहे. पण तेव्हापासून मी जाते. उजाडायच्या आत आईचं आटपायचं, शेजारणीला "जरा लक्ष ठेवा" म्हणायचं आणि निघायचं. शेजारीण भली आहे, पण भलेपणाही किती ताणायचा गं?

मागच्या महिन्यात भर समुद्रात बॅटरी बसली. इंजिन बंद करून जाळं टाकलं होतं. मासे दाखवणारा स्क्रीन, वाट दाखवणारं जीपीएस, वायरलेस, सगळं इंजिनाच्याच बॅटरीवर चाललेलं. परतायला चावी फिरवली तर नुसतं 'कट्' वाजलं आणि दोन्ही स्क्रीन काळे. मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडणार. पण हे हळूच म्हणाले, "किनारा कुठल्या अंगाला?" अगं, आम्ही आडवे वाहत होतो आणि किनारा यांच्या उजव्या हाताला लख्ख दिसत होता! मी म्हटलं, "चेष्टा पुरे." हसले नाहीत. ओळखीच्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं, तोवर काठ घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. बॅटरीवाला असा तिरसट, की हसला तर दंड भरावा लागेल. पण समजावलं नीट. म्हणाला, "इंजिनाची बॅटरी म्हणजे पहिलवान. एक दणका देते, की काम झालं. तिला दिवसभर कंदील धरून उभं करता, मग बसणारच. स्क्रीनसाठी वेगळी घ्या, सावकाश दम सोडणारी." नेहमीची ॲसिडची जड असते, आणि निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. लिथियमची वजनाला हलकी, जवळजवळ शेवटपर्यंत सारखी ताकद देते, पण महाग. तिचा चार्जरही वेगळा लागतो. हे म्हणाले, "नेहमीचीच द्या." त्याने माहितीचा कागद यांच्या कोपराशी ठेवला आणि म्हणाला, "आधी वाचा तरी." हे समोरच्या फळीवर चाचपडत राहिले. कागद कोपराला लागत होता, धाकटे, आणि यांना दिसत नव्हता. शेवटी बॅटरीवाल्यानेच तो उचलून माझ्या हातात दिला. 

काही न घेता बाहेर पडलो. रस्त्यात मी विचारलं. तेव्हा म्हणाले, "कडा गेल्यात. नळीतून बघितल्यासारखं दिसतं." भोंग्याला माहीत होतं म्हणे. बोटीवर तोच यांचे डोळे होता, आणि जाताना "वहिनीला सांग" म्हणून बजावून गेला होता. जन्मात एकच गोष्ट त्याने पोटात ठेवली, ती नेमकी ही!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते थेंबांनी राखायचं. यांनी बोट चालवायची नाही. तिथून मी तडक बॅटरीवाल्याकडे गेले आणि म्हटलं, "मला एकटीला उचलता येईल ती हलकी लिथियमची द्या." हे म्हणाले, "मी उचलेन की." मी म्हटलं, "उचलाल हो, पण बोटीच्या फळीवरून उतरताना पाय कुठे पडतोय ते कोण बघणार?" तसं बोलायला नको होतं. दमलेलं माणूस खरं बोलतं, पण वाईट बोलतं.

आता सुकाणू माझ्याकडे. हे स्क्रीनसमोर बसतात, तेवढं दिसतं त्यांना. "डावीकडे घे, अगं डावीकडे, जेवतेस तो हात नव्हे!" म्हणून खेकसतात. ते खेकसतात तेव्हा मला बरं वाटतं. मासळी मिळते, पोटापुरतं निघतं. अंग मात्र संध्याकाळी माझं राहत नाही.

आता मुद्द्याचं. मंगळवारी परतलो तर आई मोरीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली. कपडे ओले, ओठ सुकलेले. म्हणाली, "पाय घसरला. म्हटलं, हाका मारून लोकांना कशाला जमवा, तुम्ही याल तेव्हा याल." हाड मोडलं नाही, हे नशीब. शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. बोट सोडली तर खायचं काय, आणि आईला बोटीवर नेता येत नाही. आईला तू घेऊन जा, धाकटे. तुझ्या दोन खोल्यांत चौघं आहात, जावईबापूंची रात्रपाळी आहे, सगळं ठाऊक असून मागतेय. आईला अजून बोलले नाही. ती हट्ट करेल याची भीती नाही गं. ती लगेच "बरं" म्हणेल आणि आपली दोन लुगडी घडी घालायला बसेल, ते मला बघवणार नाही. म्हणून तू येशील त्याच दिवशी सांगेन. लवकर ये.

तुझीच, पाठ टेकायला जागा शोधणारी,
ताई